वाणाचे चौदा टॅग

"आपापला लावा," असं म्हणत ते मागे न बघता उजवा हात मागे धरायचे. पंजा उघडा, चौकातल्या पोलिसासारखा. आमच्या इमारतीच्या दारातून ते आत शिरले आणि त्यांच्या पाठोपाठ आपणही शिरावं असं कुणाला वाटलं, की तो पंजा आडवा यायचा. ते आत जायचे, दार बंद व्हायचं आणि मग काचेपलीकडे प्रसन्न चेहऱ्याने आपली वाट बघत उभे राहायचे. आपण पिशव्या खाली ठेवायच्या, पर्स उपसायची, तो बटणाएवढा निळा टॅग शोधायचा आणि दाराजवळच्या काळ्या डबीला लावायचा. दार उघडलं की मान डोलवायचे. लिफ्टपर्यंत पिशवी मात्र स्वतः उचलून न्यायचे.

तुमच्याही इमारतीत असा एखादा असेलच. त्याला आपण तोंडावर काका म्हणतो आणि पाठीमागे जे म्हणतो ते लिहिता येत नाही. आमचे हे काका बरकतपुऱ्यातल्या आमच्या वीस घरांच्या इमारतीचे सेक्रेटरी होते. पद बिनपगारी, पण अंगात भिनलेलं. मी पुण्याची, नवऱ्याच्या आणि माझ्या नोकरीपायी अकरा वर्षांपूर्वी हैदराबादेत आलेली. नियम असावेत आणि ते इतरांनी पाळावेत यावर माझा जन्मजात विश्वास. त्यामुळे आमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

एकदा ते आणि काकू बाजारातून बरोबर आले. काकूंच्या दोन्ही हातांत भाजी आणि काखेत कलिंगड. काका टॅग लावून आत, काकू बाहेर. काकूंनी काचेतून असं बघितलं की दुसरा कुणी असता तर दार उखडून हातात दिलं असतं. हे शांतपणे म्हणाले, "तुझा आहे ना तुझ्याजवळ? लाव की." त्या रात्री घरी जेवायला काय मिळालं ते काकूंनी मला नंतर सांगितलं. कलिंगड मिळालं, फक्त कलिंगड.

दिवाळीला जावई आले तर त्यांनाही व्हिजिटर बुकमध्ये सही करायला लावली. ‘कुणाकडे’ या रकान्यात जावयाने ‘सासऱ्याकडे’ असं लिहिलं, तर म्हणाले, घर नंबर लिहा.

त्यांचं मूळ गाव उदगीरकडचं, पण आजोबांच्या काळापासून घराणं हैदराबादेत. मराठीत उर्दू, उर्दूत तेलुगू आणि सगळ्याला शेवटी ‘वो’. पुण्याहून आलेल्या माणसाला ते ऐकून आधी हसू येतं आणि दोन वर्षांनी तोही दुकानात "नक्को" म्हणू लागतो. नोकरी त्यांनी वीज खात्यात केली, मीटर तपासायची. लोक मीटरला काय काय करायचे याचे किस्से ते रंगवून सांगत. एकदा मी हसून म्हटलं, हुशारच की लोक. त्यावर ते म्हणाले, "हुशार हौ. पण वीज जळली ती जळलीच वो ताई. कुणाच्या तरी माथी जातीच ती. बहुतेक ज्याला बोलता येत नाही त्याच्या." मला तेव्हा ते फार मनावर घेण्यासारखं वाटलं नाही.

आता माझं पाप. दर गुरुवारी संध्याकाळी चौथ्या मजल्यावर माझ्या घरी भजन असतं. काचीगुडा, नारायणगुडा, हिमायतनगर, कुठून कुठून मिळून चौदा बायका येतात. प्रत्येकीने खालून बेल वाजवायची, वॉचमनसमोर पुस्तकात नाव, कुणाकडे, काम, वेळ, सही लिहायची, मग वर यायचं. चौदा जणींचं लिहून होईपर्यंत आरतीची वेळ व्हायची. एका गुरुवारी वैतागून एकीने ‘काम’ या रकान्यात ‘मोक्ष’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी काका पुस्तक घेऊन माझ्या दाराशी. चेहऱ्यावर हसू नाही. "ताई, हे काम अंदाजे किती वेळ चालतं?"

मी चौदा टॅग मागितले. ते म्हणाले, टॅग इथे राहणाऱ्याला आणि इथे काम करणाऱ्याला, प्रत्येक टॅगवर एक नाव. मी चिडले. माझ्या घरी कोण यावं हे तुम्ही ठरवणार का, असं तोंडावर विचारलं.

"घर तुमचं आहे," ते म्हणाले. "दार वीस घरांचं आहे."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण आणायला मी बेगम बाजारात गेले होते. वाट्या बघायच्या होत्या. एका गल्लीत किल्ल्या करून देणारा बसला होता, त्याच्या टपरीवर रंगीबेरंगी टॅगांची माळ लटकत होती. माझ्या पर्सला अडकवलेला निळा टॅग बघून त्यानेच विचारलं, "कॉपी होना क्या, मॅडम?" वाट्या राहिल्या. मी चौदा टॅग करून आणले, लाल, पिवळे, जांभळे, आणि हळदीकुंकवाला हलव्याच्या पुडीबरोबर एकेकीच्या ओटीत घातले. इतकं उपयोगी वाण आजवर कुणी दिलं नाही असं सगळ्या म्हणाल्या. मला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही, हे खरं सांगते. मला आपण जिंकलो असं वाटलं.

यातली मेख अशी, की सगळे टॅग माझ्या टॅगची हुबेहूब नक्कल होते. कुणीही आत आलं तरी यंत्राच्या लेखी चौथ्या मजल्यावरची मीच आत आले. काका-काकू गुरुवारी संध्याकाळी देवदर्शनाला जात, आणि वॉचमनला वाटलं की बायकांना टॅग त्यांनीच दिले. व्हिजिटर बुक गुरुवारी कोरं राहू लागलं. काकांनी एकदा विचारलं, भजन बंद केलं का. मी म्हटलं, हो, सध्या बंद आहे. देवाच्या कामासाठी मी खोटं बोलले आणि वर त्याचं मला कौतुक वाटलं.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशात. त्यांच्या देवघरात सासूबाईंच्या काळचा वीतभर चांदीचा पाळणा होता, रामनवमीला त्यात राम ठेवून जोजवायचा. आजी दार दिवसभर नुसतं लोटून ठेवत. खाली एवढा बंदोबस्त असताना वर कडी कशाला, असं त्यांचं म्हणणं. रामनवमीच्या आधी तीन आठवडे, एका मंगळवारी संध्याकाळी त्या दिवा लावायला गेल्या तर पाळणा जागेवर नव्हता.

बुधवारी सकाळी कमिटी बसली. यंत्रातली नोंद काढली. मंगळवारी बारा ते पाच चार घरांचे टॅग लागले होते आणि पाचवा यादम्माचा. व्हिजिटर बुक कोरं, म्हणजे बाहेरचं कुणी नाही. चार घरं म्हणजे आपलीच माणसं. उरली कोण?

यादम्मा आमच्या इमारतीत सहा घरी काम करत होती, माझ्याकडे आणि आजींकडेही. मी इथे आले त्या वर्षापासून माझी भांडी तिच्या हातची. आजी रडून म्हणाल्या, ती नाही घ्यायची. पण आजी विसरतात, म्हणून त्यांचं कुणी धरलं नाही. अध्यक्षांना पोलीस नको होते. इमारतीचं नाव खराब होतं म्हणे. यादम्मा स्वतः म्हणत होती, पोलिसांना बोलवा, माझ्या घराची झडती घ्या. ते कुणी केलं नाही. गुपचूप तिचं येणं बंद करायचं ठरलं. नोटिशीवर सही काकांची, आणि तिच्या हातातून टॅग काढून घेतला तोही काकांनीच.

मी ऑफिसात होते. संध्याकाळी कळलं. वाईट वाटलं, आणि मग मी जे आपण सगळे म्हणतो तेच म्हटलं, माणसाचं काही सांगता येत नाही. भांडी घासताना चडफडले. माझ्या चौदा टॅगांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

गुरुवारी सकाळपासून यादम्मा रस्त्यापलीकडे दुधाच्या दुकानापाशी येऊन उभी राहू लागली. कामाच्या वेळेला यायची, कामाच्या वेळेइतकी उभी राहायची. दारातून कुणी बाहेर पडलं की जवळ येऊन आवाज न चढवता एकच सांगायची, "नेनु तीयलेदम्मा." मी नाही घेतलं. शेजारच्या इमारतीतल्या दोन घरांनीही तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. त्या गल्लीवर तिचं घर चालत होतं. अजून आठवडाभर हे असंच राहिलं असतं, तर तिला बरकतपुऱ्यात कुणी दारात उभं केलं नसतं. मी पहिल्या दिवशी मान खाली घालून गेले. दुसऱ्या दिवशी फोन कानाला लावून.

शनिवारी संध्याकाळी काका माझ्याकडे आले. हातात नोंदीचा कागद. बसले, पाणी घेतलं आणि विचारलं, मंगळवारी दुपारी मी घरी होते का. मी ऑफिसात. नवरा? तो त्या आठवड्यात बेंगळुरूला.

"मग दोन वाजून दहा मिनिटांनी तुमचा टॅग लावून कोण आलं?"

त्यांनी दुसरा कागद काढला. मागच्या दोन महिन्यांचे गुरुवार. "गुरुवारी साडेसहा ते सात, तुम्ही चौदा वेळा आत येता ताई. एकदाही बाहेर न जाता."

टॅग हरवला होता, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांच्या आवाजात पकडल्याचा आनंद नव्हता, आणि त्यानेच मी ढासळले. बेगम बाजारापासून सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी अंग चोरून बसले, तर ते स्वतःच्याच हातातल्या कागदाकडे बघत होते.

"दोन्ही नावं एकाच कागदावर होती," ते म्हणाले. "तुमचं नाव दिसलं म्हणून तुम्हाला विचारलं नाही. तिचं दिसलं म्हणून तिला काढलं. मीच काढलं वो."

मग म्हणाले, उद्या मीटिंगमध्ये तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती चुगली होईल, तुम्ही सांगितलं तर साक्ष. आणि नाही सांगितलं तर, असं मी विचारलं. अशा वेळीही असं विचारायची बुद्धी होते माणसाला. ते उठता उठता म्हणाले, "तर मी माझ्या चुकीचं सांगतो. तेवढंच माझ्या हातात आहे." आणि गेले.

रविवारी सकाळी दहाला खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. नवीन कामवाली कोण, हा पहिला विषय. काका उभे राहिले आणि म्हणाले, त्याआधी माझी चूक लिहून घ्या, मी न विचारता एका बाईचा टॅग काढून घेतला. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी उभी राहिले. आणि सांगितलं. माझ्या टॅगाच्या चौदा नकला आहेत आणि मंगळवारी माझा टॅग लावून आलेली मी नव्हे.

जो गोंधळ झाला तो मी इथे देत नाही. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला जे सुनावलं त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. शेवटी अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, पण यावरून यादम्माने घेतलं नाही असं कुठे सिद्ध होतं?

"नाही होत," काका म्हणाले. "म्हणून विचारू की. चौदा जणी आहेत, फोन आहे. पण तिच्यासमोर विचारू."

ते स्वतः रस्ता ओलांडून गेले आणि यादम्माला घेऊन आले. खुर्ची दिली तर ती बसली नाही. माझ्या फोनचा आवाज मोठा करून त्यांनी तो मधल्या टेबलावर ठेवला, आणि मी एकेकीला फोन लावू लागले. पहिल्या सात जणींना काहीच माहीत नव्हतं. आठवीने उचलला नाही. नववी नारायणगुड्याची, भजनात सगळ्या जिला वहिनी म्हणतात, येता-जाता आजींकडे डोकावणारी. ती भाचीच्या लग्नाला नांदेडला गेलेली. मागे बँड वाजत होता.

"पाळणा? अगं माझ्याकडेच आहे की. म्हणजे सोनाराकडे, उजळायला टाकलाय. आजींनीच सांगितलं होतं, कधीही घेऊन जा म्हणून. त्या झोपल्या होत्या, मग उठवलं नाही. रामनवमीला काळा पाळणा कसा चालेल?"

बेल वाजवून, पुस्तकात नाव लिहून वहिनी वर गेली असती, तर मंगळवारी संध्याकाळीच दोन मिनिटांत उलगडा झाला असता. माझ्या वाणाने तिला अदृश्य केलं होतं, आणि तिच्या जागी यादम्मा दिसली.

तेवढ्यात टाळ्यांचा आवाज आला. आजी होत्या. खुर्चीत बसून, एकट्याच, पोरीसारख्या टाळ्या वाजवत होत्या आणि "मी म्हटलं होतं, मी म्हटलं होतं" असं चाललं होतं. मग एकेक करत सगळे वाजवू लागले, मला सुनावणारे गृहस्थसुद्धा. मी रडत होते आणि मला इतका आनंद पूर्वी कधी झाल्याचं आठवत नाही.

काकांनी यादम्मापुढे हात जोडले. "तप्पु मादि, यादम्मा." चूक आमची.

यादम्माने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, इथे नको. ज्या सहा दारांनी मला बाहेर काढलं त्या सहा दारांशी चला, आणि शेजारच्या इमारतीतल्या दोन. तिथे सांगा, मोठ्याने. अध्यक्ष काहीतरी बोलणार होते, त्याआधी काका "हौ" म्हणून उठले. गुडघे दुखत होते तरी उठले. पुढे यादम्मा, मागे काका, त्यांच्या मागे मी. प्रत्येक दाराशी एक वाक्य ते बोलले, यादम्माने काही घेतलं नव्हतं, आणि दुसरं मी बोलले, नकली टॅग माझे होते. सहावं दार माझंच होतं, तिथे मी दोन्ही वाक्यं बोलले. शेजारच्या इमारतीत त्यांनी बेल दाबली, तिथल्या व्हिजिटर बुकमध्ये नाव लिहिलं आणि ‘काम’ या रकान्यात लिहिलं, ‘चूक सांगायला’. चार दिवस भिंतीसारखी उभी राहिलेली यादम्मा मी ते वाचून दाखवल्यावर पहिल्यांदा हसली.

रामनवमीला पाळणा लखलखीत होऊन आला. आजींनी पहिली दोरी यादम्माच्या हातात दिली. तिने ती अशी ओढली की राम खाली यायचा बाकी होता. माझे चौदाही टॅग मी गोळा करून आणून दिले. मुकाट्याने व्हिजिटर बुकवर आले. पण पुढच्या गुरुवारी खाली जाऊन बघते तर काका देवळात न जाता दाराशी खुर्ची टाकून बसलेले. पुस्तकात चौदा नावं त्यांनी दुपारीच स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती. बायकांनी फक्त सही करायची. आरती वेळेवर झाली. नंतर दोन वर्षं, गुडघ्यांनी साथ दिली तोवर, त्यांचं देवदर्शन बुधवारी होत असे.

गल्लीतल्या कामवाल्या बायकांनी त्यांचं नाव ‘तप्पु सार’ पाडलं. चूकवाले साहेब. काकूंना आधी राग आला. मग त्यांना कळलं, की त्या बायका हे नाव आपल्या पोरांना ओळख करून देताना, जरा ताठ होऊन घेतात. मागच्या वर्षी त्यांचा मुलगा काका-काकूंना पुण्याला घेऊन गेला.

गेल्या महिन्यात पलीकडच्या एका इमारतीत कुणाचा तरी फोन सापडेना. यंत्राची नोंद काढली आणि तिथल्या कामवालीचा टॅग काढून घेतला. तासाभरात तिच्यासह चार बायका आमच्या दाराशी, तप्पु सार कुठे राहतात ते विचारत. मी खाली गेले, ते आता इथे नाहीत असं सांगून पुण्याचा नंबर शोधू लागले. तेवढ्यात यादम्मा पदराला हात पुसत आली. तिने सगळं ऐकून घेतलं. "सार लेरु," ती म्हणाली. "नेनु उन्ना." साहेब नाहीत, मी आहे. मला म्हणाली, तुम्ही पण चला अम्मा, फोन घेऊन.

तिथले सेक्रेटरी तरुण होते, इंग्रजीत बोलणारे. त्यांनी नोंदीचा कागद पुढे केला आणि कोणत्या ओळीत कुणाचं नाव आहे ते दाखवू लागले. यादम्माने कागद हातात घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला, आणि आधी यादीतल्या पहिल्या घराला फोन लावा म्हणाली, जिचा टॅग काढलात त्या बाईच्या समोर. ते माझ्याकडे बघू लागले. मी यादम्माकडे बघितलं. त्यांनी फोन लावला.